खऱ्या माशाच्या तेलाच्या शोधात

माशाच्या तेलाचा वास हाताला लागला की साबणाने जात नाही, राखेने जात नाही. चिंचेच्या कोळाने थोडा निघतो, पण तव्याच्या आचेपुढे हात गेला की पुन्हा जागा होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आमच्या घरी कितीतरी दिवस मी भाकरी थापायला बसले की सगळे जण जरा लांब सरकून बसत. दिवाळी अंकासाठी धंद्यातलं काही लिहा असा निरोप आला, तेव्हा मला मलमं, अर्क, मिक्श्चरं काही आठवलं नाही. आधी आठवला तो हा वास, आणि त्याच्यापाठोपाठ ती माणसं, ज्यांच्यामुळे तो माझ्या हाताला लागला. त्यांच्याविषयीच लिहिते.

माझे यजमान सुरतेला एका औषधवाल्याकडे काम शिकले आणि नंदुरबारला स्टेशनकडून बाजाराकडे येणाऱ्या रस्त्यावर त्यांनी दुकान टाकलं. मला वाचायची आवड, म्हणून बाटल्यांवरची नावं, मापं, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचायला त्यांनीच शिकवलं. खल चालवायला मी आपली आपण शिकले. पुढे विषमज्वराने ते गेले. घरात कपाटं भरून औषधं होती, पण त्या तापावर तेव्हा औषध नव्हतं.

नातेवाईक म्हणाले, दुकान विकून टाका. माझे सासरे, त्यांना मी मामंजी म्हणत असे, कचेरीतली नोकरी संपवून घरी बसले होते. ते म्हणाले, "विकायचं कशाला? सूनबाईला सगळं येतं. मी पुढे बसतो, ती मागे काम करील." मग मध्ये एक पडदा लागला. पुढे मामंजी गिऱ्हाईकांशी बोलणार, मागे मी औषधं बांधणार. वर्षभर असं चाललं. मामंजींना कानाने कमी ऐकू येई. गिऱ्हाईक खोकल्याचं सांगे, ते मला आत ओकाऱ्यांचं सांगत. एका सकाळी त्यांनी स्वतःच पडदा काढला, धुतला, आणि त्याची बाटल्या पुसायची फडकी केली. त्या दिवसापासून मी गल्ल्याशेजारी उभी राहायला लागले, आणि लोक मला ताई म्हणायला लागले.

बाहेरच्या माणसाला वाटतं, औषधवाल्याचं अवघड काम म्हणजे औषध बनवणं. तसं नाही. मापं ठरलेली असतात, हात बसला की काम होतं. अवघड असतं ते माल कुणाकडून घ्यायचा हे ठरवणं. कुनैन आणि खडूची भुकटी बाटलीत सारखीच पांढरी दिसते. गिऱ्हाईक माझ्यावर भरवसा ठेवतं, मी सुरतेच्या व्यापाऱ्यावर, तो मुंबईच्या, आणि त्याच्यापुढे कोण ते कुणालाच दिसत नाही. त्या वेळी औषध विकायला परवानाही लागत नसे. ज्याच्याकडे बाटली आणि चिकटवायला लेबल, तो औषधवाला. त्यातही शक्तीच्या औषधांचं सगळ्यात वाईट. तापाचं औषध खोटं असेल तर ताप उतरत नाही, दोन दिवसांत कळतं. शक्तीचं औषध खोटं असलं तर माणूस वाट पाहत राहतो, आणि कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो.

लढाईपूर्वी माशाचं तेल थंड मुलखातून बोटीने येई. बाळंतिणीला, छातीच्या दुखण्यातून उठलेल्याला, पाय वाकलेल्या मुलांना डॉक्टर ते लिहून देत. त्यात अ आणि ड ही जीवनसत्त्वं असतात, हे मला यजमानांनीच सांगितलं होतं. जीवनसत्त्व हा शब्द तेव्हा नवा होता आणि मामंजी तो मंत्रासारखा म्हणत. लढाई सुरू झाली, बोटी बंद झाल्या, आणि बघता बघता कपाटातला तो कप्पा रिकामा झाला. सुरतेहून उत्तर आलं, माल नाही. मुंबईहून तेच.

आणि नेमकं त्याच सुमाराला सातपुड्यात वाईट वर्ष आलं. अक्राणीकडचे लोक कामाच्या शोधात डोंगर उतरून नंदुरबारला आले. आमच्याकडे मिरचीचा हंगाम होता. गावाबाहेरच्या मोकळ्या जागांवर, ज्यांना आम्ही पथारी म्हणतो, लाल मिरची वाळत पसरलेली असे, आणि देठ खुडायला बायका हव्या असत. त्या बायकांमध्ये भुरीबाई होती.

ती दुकानात आली तेव्हा कडेवर मुलगी होती, चार-पाच वर्षांची, नाव जुगली. भुरीबाई घरी पावरी बोले. बाजारात आल्यावर मोडकीतोडकी अहिराणी. तिने आधी दाराशीच उभं राहून आत पाहिलं. मामंजी म्हणाले, "ये माय, बठ. पानी पी." तेव्हा ती पायरीवर टेकली.

"ताई," ती मला म्हणाली, "मन्ही पोरले सांजले दिखत नही. दिन बुडना का एके जागे बठी ऱ्हास. आते तं दिवसले बी डोया उघाडत नही."

मी जुगलीचा चेहरा उजेडाकडे वळवला. तिने दोन्ही डोळे घट्ट मिटून घेतले. पाणी लावून हळूच उघडले तर डाव्या डोळ्याचं बुबुळ दुधासारखं झालेलं, आणि उजव्यावर कोरडी, निस्तेज कळा आलेली, कडेला साबणाच्या फेसासारखा एक ठिपका. मी दुकान मामंजींवर सोडलं आणि तिला तशीच घेऊन डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टर माझ्या यजमानांचे मित्र. मला वहिनी म्हणत. मूळचे पुण्याकडचे, पण आमच्याकडच्या उन्हाने रापून इथलेच झालेले. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग माझ्याशी बोलले ते भुरीबाईला कळू नये म्हणून अगदी हळू.

"डावा गेला, वहिनी. उजवा अजून हातात आहे, पण फार दिवस नाही. खाण्यापिण्यातून भरून काढायचं म्हटलं, शेवग्याचा पाला, पपई, काळीज, तर तेवढी सवड नाही, आणि पोरीला जुलाब आहेत, पेजेपलीकडे पोटात काही ठरत नाही. हिला तेल पाहिजे. चांगलं तेल."

"माझ्याकडे थेंब नाही," मी म्हणाले.

"माझ्याकडेही नाही."

भुरीबाई आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहत होती. तिला शब्द कळले नसतील, पण डॉक्टरांचा आवाज का उतरला ते कळलं असावं. तिने जुगलीला पोटाशी धरलं आणि पदराने तिचे डोळे झाकले.

दुसऱ्याच दिवशी जयंतीभाई आले. जयंतीभाई सुरतेचे फिरते विक्रेते, औषधांच्या पेट्या घेऊन खानदेशभर हिंडत. हसतमुख, स्वच्छ टोपी, पानाने रंगलेले ओठ. त्यांनी गल्ल्यावर एक पेटी ठेवली, झाकण उघडलं, आणि भुशातून एक बाटली वर काढली. चपटी काच, विलायती लेबल, बुचावर लाख. आत सोनेरी तेल.

"बेन, सील बघा, लेबल बघा. लढाईच्या आधीचा साठा छे. मुंबईच्या गोदामात पडून होता. धुळ्याने घेतला, दोंडाईच्याने घेतला. तुमच्यासाठी ही एवढी ठेवलीय."

मला वाटलं, देवानेच पाठवलं. मामंजी तर बाटली कपाळाला लावणार होते. पण यजमानांची एक सवय माझ्या अंगात मुरली होती: नव्या हाताने आलेला माल उघडून पाहिल्याशिवाय कपाटात ठेवायचा नाही.

"एक घेते," मी म्हणाले. "बाकीचं संध्याकाळी सांगते. तुम्ही धर्मशाळेतच आहात ना?"

बाटली घेऊन मी डॉक्टरांकडे गेले. या तेलाच्या दोन सोप्या परीक्षा आहेत. एक, बर्फात ठेवायचं. चांगलं तेल बर्फातही पातळ राहतं; शेंगदाण्याचं तेल मात्र आधी गढुळतं, मग तुपासारखं बसतं. दुसरी, पांढऱ्या बशीत चार थेंब घ्यायचे आणि त्यात तीव्र तेजाबाचा, म्हणजे गंधकाम्लाचा, एक थेंब सोडायचा. तेल खरं असेल तर जांभळा रंग उमटतो, क्षणभर झळकतो, आणि मग तपकिरी होतो. सोडावाल्याकडे सुरतेहून भुशात घालून बर्फ येत असे. तो मागवला, बाटलीतलं थोडं तेल काचेच्या नळीत घेऊन त्यात रोवलं. तोवर डॉक्टरांनी बशी मांडली.

तेजाबाचा थेंब पडला. तेल पिवळसर झालं, मग काळपट झालं. जांभळं झालंच नाही. डॉक्टरांनी पुन्हा केलं. पुन्हा तेच. काही वेळाने नळी वर काढली. आतलं तेल पांढरट, घट्ट. नळी उलटी केली तरी खाली येईना.

"वरून वासापुरते माशाच्या तेलाचे चार थेंब असतील," डॉक्टर म्हणाले. "बाकी आपलं खानदेशी शेंगदाण्याचं. कुणीतरी जुन्या बाटल्या गोळा करून भरतंय."

ते रागाने बोलत होते. मला मात्र राग आला नाही. सकाळपासून मी भुरीबाईला कसं सांगायचं, चमचा कसा द्यायचा, हे मनात ठरवून ठेवलं होतं.

संध्याकाळी जयंतीभाईंना दुकानात बोलावलं. मी बर्फातून नळी काढली, त्यांच्यापुढे धरली आणि उलटी केली. काय दाखवते आहे तेही सांगितलं. ते आधी हसले. "बेन, थंडीने होतं असं. अख्खा खानदेश घेतोय." मी म्हणाले, "खऱ्या तेलाचं होत नाही." मग बशी दाखवली. त्यांचं हसू हळूहळू मावळलं. त्यांनी नळी हातात घेतली, बोटाने आतलं तेल उकरलं, जिभेला लावलं. मी वाट पाहत होते की आता हा भांडेल, किंवा पेटी उचलून चालता होईल.

ते पायरीवर बसले. "बेन," ते म्हणाले, "माझ्या घरी मुलगा आहे. त्याची छाती कच्ची. यातली एक बाटली मी आधी त्यालाच ठेवली. रोज चमचा देतो." नळीकडे बघत म्हणाले, "मग मी त्याला काय पाजतोय?"

मामंजींनी उठून त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

खोटा माल विकणाऱ्याला तोंडावर खडसावायची माझी तयारी होती, आणि समोर बसला होता माझ्यासारखाच फसलेला एक माणूस. पुढे जे झालं ते त्याच्यामुळेच झालं, म्हणून त्याचे उपकार मी विसरत नाही. पाणी पिऊन ते म्हणाले, "माझ्या बायकोचं माहेर समुद्रकाठी. वलसाडच्या खाली. तिथे मोरी मासा येतो, मोठा, दातवाला. त्याच्या काळजाचं तेल कोळी लोक होड्यांना चोपडतात. आता लढाईत व्यापारी ते विकत घ्यायला लागलेत, औषधाला म्हणून. खरं की खोटं, मला माहीत नाही. तुम्ही जाऊन बघा. मी आता कुणाची हमी देणार नाही."

डॉक्टरांना विचारलं तर ते खुर्चीतून उठलेच. मोरीच्या, म्हणजे शार्कच्या, काळजात, यकृतात, अ जीवनसत्त्व थंड मुलखातल्या माशापेक्षाही जास्त असतं, असं त्यांनी वाचलं होतं. "पण जपून," ते म्हणाले. "ते इतकं कडक असतं की चमच्याने नाही, थेंबाने द्यावं लागेल. आणा तर खरं."

मामंजी आणि मी दुसऱ्या दिवशी सुरतेच्या गाडीत बसलो. सोबत तपकिरी रिकाम्या बाटल्यांची टोपली, बुचं, एका लहान जाड बाटलीत तेजाब आणि एक पांढरी बशी. सुरतेला गाडी बदलली, मुक्काम केला, पुन्हा गाडी, मग बैलगाडी. मामंजींनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. किनाऱ्यावर पोचल्यावर ते चपला हातात घेऊन पाण्याच्या कडेपर्यंत गेले आणि म्हणाले, "सूनबाई, एवढं पाणी आणि आपल्याकडे तापीला गुडघाभर नाही."

आधी आम्ही गेलो ते व्यापाऱ्याच्या शेडमध्ये. मोठी पत्र्याची शेड, पुढे टेबल, टेबलावर नमुन्याच्या बाटल्या. माणूस बोलायला आदबशीर. मी बशी काढली, तेजाब टाकलं. जांभळा रंग असा आला की मामंजी "वा!" म्हणाले. मी म्हणाले, "काढता कसं ते बघायचं होतं." तो म्हणाला, "आत काय बघायचं बाई? धूर असतो, घाण असते." मी म्हणाले, "धुराची मला सवय आहे." तो म्हणाला, "नमुना पाहिलात ना? माल तोच येईल." मी पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा हसून नाही म्हटलं.

नमुना खरा होता. त्याच्या पाठीमागच्या मालाचं मला काही सांगता येणार नव्हतं. कदाचित तो माणूस सच्चाही असेल. आजही मी त्याला खोटा म्हणत नाही. पण मागचं दार ज्याने दाखवलं नाही, त्याचा माल जुगलीला पाजायची हिंमत मला झाली नाही. मामंजी बाहेर आल्यावर कुरकुरले, "रंग तर आला होता गं." खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच चाललं होतं.

किनाऱ्याने पुढे गेलो. होड्या वाळूत ओढून ठेवल्या होत्या आणि एका झापाच्या खोपटापाशी एक बाई चुलीवर मोठं पातेलं ढवळत होती. पन्नाशीची, काटक, मांगेल्या कोळ्यांच्या पद्धतीने काष्टा मारलेली. तिचं नाव धनीबाय. नवरा आणि मुलगे समुद्रावर जात, तेल काढायचं काम तिचं. मी कुठून आले, कशासाठी आले ते सांगितलं. तिने ढवळणं न थांबवता ऐकलं आणि म्हणाली, "बस अशी बाजूला, वाऱ्याकडे. दाखवते."

आणि तिने सगळं दाखवलं. काळजाला चिकटलेली पित्ताची पिशवी आधी कशी अलगद काढायची, ती फुटली तर तेल हिरवं आणि कडू होतं. मग समुद्राच्या पाण्याने धुवायचं, तुकडे करायचे, आणि गोड्या पाण्यात मंद आचेवर ठेवायचं. उकळी फुटू द्यायची नाही. तेल वर येतं ते लाकडी पळीने काढायचं, फडक्यातून गाळायचं, निवळू द्यायचं. होड्यांना लावायचं तेल वेगळ्या पिंपात, पिण्याचं वेगळ्या भांड्यात. वाया गेलेला माल कुठे टाकते तो खड्डाही तिने दाखवला. वास असा होता की मामंजी नाकाला उपरणं लावून समुद्राकडे तोंड करून उभे राहिले.

मी निवळलेल्या तेलाचे थेंब बशीत घेतले. जांभळा रंग आला. शेडमधल्याइतका गडद नाही, पण आला. माझ्या जिवात जीव आला. मी बाटल्या काढायला लागले.

धनीबायने माझ्या हातावर हात ठेवला. "हे नको नेऊ, बाय."

"का?"

"ह्या काळजाला रात उलटलीय, जोर उतरलाय त्याचा. हे मी होड्यांच्या पिंपात ओतणार. तसं प्यायलाही चालतं, व्यापारी नेतात. पण तू डोळ्यासाठी नेतेस ना? उद्या होडी येईल, ताजं देईन."

मी तिला सांगितलं की एक मूल तिकडे वाट पाहतंय, डोळा जायला आलाय, एक दिवस म्हणजे किती ते तिला कळणार नाही. माझा आवाज चढला होता. ती तेवढ्याच शांतपणे म्हणाली, "म्हणून तर सांगते."

होडी आलीच नाही तर, हा प्रश्न माझ्या डोळ्यांपुढे नाचत होता. रंग आलेलं तेल समोर होतं, बाटल्या हातात होत्या. मी समुद्राकडे पाहिलं, धनीबायकडे पाहिलं. ज्या बाईला मी काही तासांपूर्वी ओळखत नव्हते, ती स्वतःच्या हातचा माल मला घेऊ नको म्हणत होती. माझ्या सगळ्या धंद्यात मला असं कुणी म्हटलं नव्हतं. मी बाटल्या टोपलीत परत ठेवल्या.

रात्र तिच्या ओटीवर काढली. मामंजी देवळात निजले. उजाडता होडी आली. तिच्या मुलांनी एक मोरी वाळूवर ओढली, माणसाएवढी. धनीबाय सुरी घेऊन धावली ती अशी, की जणू तिच्याच नातीचा डोळा असावा. दुपारी निवळलेल्या तेलाचा रंग बशीत उमटला तेव्हा तो निळसर जांभळा होता, जांभळीच्या पिकल्या फळासारखा, आणि बराच वेळ टिकला. बाटल्या काठोकाठ भरल्या, कारण हवा आणि उजेड दोन्ही या तेलाचे वैरी. बुचं मेणाने बंद केली, ओल्या गोणपाटात गुंडाळल्या.

परतीच्या गाडीत एक बूच पाझरलं. सुरत सोडून काही वेळ झाला नाही तोच आमच्या बाकावरची माणसं एकेक करून उठली. डब्यातल्या त्या गर्दीत आम्हा दोघांना अख्खा बाक मिळाला. मामंजी म्हणाले, "सूनबाई, पहिल्या वर्गाचं तिकीट काढलं असतं तरी एवढी सोय झाली नसती," आणि आडवे होऊन झोपले. टोपली मात्र त्यांनी पोटाशी धरून ठेवली होती.

डॉक्टरांनी बशीत रंग पाहिला आणि पहिला डोस स्वतःच्या हाताने दिला. जुगलीने तोंड वाकडं केलं, पण थेंब पोटात राहिले. भुरीबाई दिवसा पथारीवर देठ खुडे आणि रोज जुगलीला दवाखान्यात आणे. मी संध्याकाळी मिरचीच्या ठसक्याने शिंकत शिंकत पथारीवर चक्कर टाकी. पहिले दिवस काही कळेना. डॉक्टर म्हणत, "डोळा वाईट होत नाहीये, हेच पुष्कळ." मग हळूहळू जुगली उजवा डोळा उघडा ठेवायला लागली. फेसासारखा ठिपका विरला. बुबुळावर ओल आली.

एका संध्याकाळी मी पथारीवर पोचले तेव्हा दिवस बुडाला होता. बायका काम आटपून मिरच्यांचे ढीग तरटाने झाकत होत्या. अंधारून आलेलं, जमिनीवरची लाल मिरची आता काळी दिसत होती. जुगली आईपासून जरा दूर बसली होती. ती उठली, कुणाचाही हात न धरता चालत गेली, आणि तरटाबाहेर सांडलेली एक मिरची वाकून उचलून ढिगात टाकली. मग दुसरी. मग तिसरी.

भुरीबाईने ते पाहिलं. तिने हातातलं तरट सोडलं. हाक मारली नाही, धावली नाही. माझा दंड धरला, इतक्या जोरात की दुसऱ्या दिवशी वळ होते, आणि आम्ही दोघी अंधार पुरता होईपर्यंत त्या पोरीला मिरच्या वेचताना पाहत राहिलो.

डावा डोळा गेला तो गेलाच. ते तेल आधी मिळालं असतं, किंवा भुरीबाई आधी डोंगर उतरली असती, तर काय झालं असतं, हा विचार अजून येतो. पण एका डोळ्याने जुगलीने पुढे शेळ्या राखल्या, बाजार केला, आणि माझ्यापुढे उभी राहून माझ्यापेक्षा आधी गाडीचा धूर पाहिला.

त्यानंतर मी तेल धनीबायकडूनच घेतलं. पहिली बाटली जयंतीभाईंच्या मुलाला पाठवली. जयंतीभाईंनी औषधांचा धंदा सोडला आणि बांगड्या विकायला लागले. भेटले की म्हणत, "बेन, बांगडी खोटी निघाली तर फुटते, बस. रात्री झोप लागते."

गिऱ्हाईकं नाना तऱ्हेची येत. शहाद्याकडचे एक गुजर पाटील आले, मोठे बागायतदार, घरात कांदाही न चालणारे. "ताई, मन्हा नातूना पाय वाकडा व्हई ऱ्हायनात. डॉक्टर सांगस मासानं तेल द्या. तेल द्या, पन त्यामा मासा नको."

मी म्हणाले, "पाटील, मासा नसेल तर ते माशाचं तेल नव्हे."

"बाजूना दुकानवाला तं सांगस, हाई समुद्रना गवतनं शे."

"मग त्याच्याकडचं घेऊ नका. आणि माझ्याकडचंही घेऊ नका." मी त्यांना डॉक्टरांकडे धाडलं. डॉक्टरांनी नातवाला रोज सकाळी अंगभर साधं गोडं तेल चोळून, उघड्याने, अंगणात कोवळ्या उन्हात बसवायला सांगितलं आणि दूध-लोणी वाढवायला. पाटलांना ते फारच स्वस्तातलं औषध वाटलं असावं, कारण ते माझ्यावर रुसून गेले. वर्षभराने तोच नातू दुकानाच्या पायऱ्या धावत चढला, मागून पाटील धापा टाकत आले, आणि गुळाची ढेप गल्ल्यावर ठेवून निघून गेले.

समुद्रावर पावसाळ्यात होड्या जात नाहीत. ज्येष्ठापासून नारळी पौर्णिमेपर्यंत धनीबायचं तेल बंद. तिने पहिल्याच वर्षी सांगून ठेवलं होतं, "तेव्हा कुणी ताजं म्हणून दिलं तर घेऊ नको. मी दिलं तरी घेऊ नको." पुढल्या वर्षी आषाढात माझ्याकडचा साठा संपला. शेजारच्या दुकानात विलायती लेबलांच्या बाटल्या रांगेने लावलेल्या होत्या.

अशाच एका दुपारी भुरीबाई आली. सोबत तिच्या पाड्यातल्या दोन बाया, प्रत्येकीच्या कडेवर एक मूल. चिखल तुडवत, ओहोळ ओलांडत डोंगरातून आल्या होत्या. मुलांचे डोळे मी पाहिले. जुगलीइतके वाईट नव्हते, पण सुरुवात झालेली होती.

"ताई, ते तेल दे," भुरीबाई म्हणाली.

मला तिच्याकडे बघवेना. "नाही गं. आता होड्या जात नाहीत. श्रावणी पौर्णिमेनंतर येईल. तोवर डॉक्टर खाण्यातून इलाज करतील, या मुलांना तेवढी सवड आहे. मी येते तुमच्याबरोबर."

बाकीच्या दोघी एकमेकींकडे पाहायला लागल्या. त्यांतल्या एकीने शेजारच्या दुकानाकडे बोट केलं आणि त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाली. काय म्हणाली ते मला बोटावरूनच समजलं. एवढ्या लांबून मूल घेऊन आलेल्या बाईने दुसरं काय म्हणावं? मी तिला अडवू शकत नव्हते. कुठल्या तोंडाने सांगणार होते की तिथल्या भरल्या कपाटापेक्षा माझं रिकामं बरं?

भुरीबाईने तिला उत्तर दिलं. बरंच लांब, हातवारे करून, मध्ये मध्ये माझ्याकडे मान वळवून. पावरी मला येत नाही. शेवटी त्या बाईने बोट खाली घेतलं आणि मूल दुसऱ्या कडेवर घेतलं.

"काय सांगितलंस तिला?" मी विचारलं.

भुरीबाईने पदराचं पाणी पिळलं. "मी सांगं, हाई ताई नही म्हनस तं नही. बाकीना दुकानवाला तं बठ्ठाच हा म्हनतस."

मग तिने त्या बाईच्या कडेवरचं मूल स्वतःकडे घेतलं आणि दवाखान्याच्या रस्त्याला लागली. मी छत्री घेऊन तिच्यामागे निघाले.